पाहुणेघरातल्या मधपेट्या आणि त्यांनी केलेल्या फजित्या

आपण लिहिले आहे की, गोराईच्या वडिलोपार्जित वाडीत आपण सहा खोल्यांचे पाहुणेघर चालवता, स्वतः बोरिवलीला राहता आणि यंदा वाडीत सातेरी या देशी मधमाशीच्या दोन पेट्या ठेवण्याचा विचार करत आहात. डंखाची भीती सगळेच घालतात, पण पहिल्या वर्षी प्रत्यक्षात काय काय गोंधळ होतात ते कोणी मोकळेपणाने सांगत नाही, ही आपली तक्रार रास्त आहे. मी गेली वीस-बावीस वर्षे मुंबईत आणि आसपास मधपेट्या सांभाळतो आहे, आणि त्यांतली सहा वर्षे मनोरीच्या एका पाहुणेघरातल्या पेट्या माझ्याकडे होत्या. उरलेल्या सर्व ठिकाणी मिळून झाली नसेल एवढी फजिती त्या एका वाडीत झाली, आणि तिच्यातला बराच वाटा माझा स्वतःचा होता.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे सगळे प्रकार तिच्यातूनच निघतात. पाहुणेघराचे मालक मधमाशीला एक तर नोकर समजतात, म्हणजे शनिवारी पाहुण्यांसमोर हजर राहणारी, नाही तर पाहुणी समजतात, म्हणजे आपण दाखवू त्या खोलीत राहणारी. माझ्या अनुभवात ती पागडीच्या भाडेकरूसारखी वागते. जागेवरचा हक्क सोडत नाही आणि तुमच्या सोयीसाठी वीतभरही सरकत नाही. फरक एवढाच की, मनात आले तर एखाद्या दुपारी नोटीस न देता सगळे बिऱ्हाड उचलून निघून जाते.

सुरुवात पेट्या आणण्यापासूनच झाली. पेटी हलवायची ती अंधार पडल्यावर, कारण दिवसा निम्म्या माश्या बाहेर चरायला गेलेल्या असतात. म्हणून घाटावरून रात्रभर टेम्पोने दोन वसाहती आणल्या आणि भल्या पहाटे मार्वेच्या धक्क्यावरून मनोरीची बोट धरली. दाराला बारीक जाळी ठोकली होती, पण तळपाट (पेटीचा तळ) आणि कोठी (त्यावरचा खण) एकमेकांना पट्ट्याने आवळण्याऐवजी मी साध्या सुतळीने बांधली होती. बोटीच्या इंजिनाच्या हादऱ्यांनी कोठी जराशी सरकली आणि हाताचे बोट जाईल एवढी फट पडली. शेजारी टोपली घेऊन बसलेल्या एका कोळीण मावशींनी विचारले, "आंब्याची पेटी का रं?" उगाच घबराट नको म्हणून मी "हो" म्हणालो. त्यांनी वास घेण्यासाठी पेटीला नाक लावले, क्षणभर ऐकले आणि संपूर्ण बोटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुझे आंबे गुनगुनतान रं!" पुढची दहा मिनिटे मी दोन्ही तळहातांनी फट दाबून उकिडवा बसलो होतो आणि माझ्याभोवती, एरवी त्या बोटीत कधी मिळत नाही एवढी, प्रशस्त मोकळी जागा होती.

आता ज्या प्रसंगाची आठवण मनोरीत अजूनही निघते, तो सांगतो. पेट्या वाडीच्या मागच्या बाजूला, पूर्वेकडे तोंड करून, आंब्याच्या विरळ सावलीत ठेवल्या होत्या आणि जागा उत्तम होती. डिसेंबरात एका कुटुंबाने हळदीच्या कार्यक्रमासाठी संपूर्ण पाहुणेघर घेतले. नवरदेवाच्या बहिणीला नेमका तोच आंबा पाहिजे होता, कारण तिथे फोटो चांगले येणार होते. व्यवस्थापकाने मला फोन केला असता तर मी नको म्हटले असते, आणि हे ठाऊक असल्यामुळेच त्याने फोन केला नाही. सकाळी साडेदहाला दोन माणसांनी पेटी अलगद उचलली आणि दहा-बारा मीटरवर, भांडारघराच्या भिंतीशी नेऊन ठेवली. त्यांना वाटले, काम झाले. एकही माशी चावली नव्हती.

चरायला गेलेली माशी आपले घर पेटीच्या रंगावरून किंवा वासावरून शोधत असेल, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती पहिल्या काही उड्डाणांत आसपासच्या खुणा पाठ करते आणि त्यानंतर त्या ठिकाणावर येते. पेटी तिथे असणार, हे तिने गृहीत धरलेले असते. अकराच्या सुमारास त्या ठिकाणी झेंडूच्या माळांनी सजवलेला चौरंग होता, चौरंगावर नवरदेव होता, आणि परागाच्या पिवळ्या गोळ्या पायांना लावून घरी परतणाऱ्या शेकडो माश्या त्याच्या डोक्याभोवती घिरट्या घालू लागल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या, फक्त पत्ता चुकल्यासारख्या झाल्या होत्या. काही माळांवर बसल्या, काही चौरंगाच्या कडेला गोळा झाल्या, आणि एक त्याच्या मुंडावळीवर शांतपणे पंख साफ करत बसली. वऱ्हाडातल्या एका आजीबाईंनी हात जोडून "लक्ष्मी आली" असे जाहीर केल्यामुळे नवरदेवाला उठून पळताही येईना.

एवढ्यावर निभावले असते. पण भांडारघरापाशी आलेल्या डीजेच्या मुलाला तिथे एक मजबूत, सपाट, बरोबर कमरेच्या उंचीची लाकडी पेटी दिसली आणि त्याने तिच्यावर स्पीकर ठेवला. सातेरीच्या पेटीवर टिचकी मारली, तर आतल्या सगळ्या माश्या एकदम पंख थरथरवून 'हिस्स' असा एकसुरी आवाज करतात. फणा काढलेल्या नागाची आठवण यावी असा तो आवाज असतो. माश्यांना हवेतला आवाज आपल्यासारखा ऐकू येत नाही, पण लाकडातून जाणारा हादरा त्यांना नेमका कळतो. पहिल्या ठोक्याला त्यांनी काय आवाज केला असेल तो कोणाला ऐकू आला नाही. तिसऱ्या ठोक्याला त्या बाहेर आल्या. एकूण डंख तीनच झाले, तिन्ही डीजेला, आणि त्यांतला एक कानाच्या पाळीला.

मी दहिसरहून पोचेपर्यंत पाऊण वाजला होता. पेटी उचलून जुन्या जागी ठेवली आणि अर्ध्या तासात चौरंगावरच्या माश्या रांगेने आत गेल्या. हळद मात्र अंगणाच्या दुसऱ्या टोकाला झाली. पेटी हलवायचीच झाली तर रोज हातभर सरकवावी, नाही तर रात्री दार बंद करून तीनेक किलोमीटर दूर न्यावी, दोन-तीन आठवडे तिथे ठेवावी आणि मग हव्या त्या जागी आणावी. मधला मार्ग नाही. म्हणून आपल्या वाडीत जागा ठरवताना आधी गेल्या दोन वर्षांतले सगळ्या समारंभांचे फोटो काढून बसा आणि ज्या झाडाखाली एकही फोटो नाही ते झाड निवडा.

दुसरा गोंधळ चादरींचा. हा मला सर्वांत आवडतो, कारण त्याचे कोडे सुटायला अडीच महिने लागले. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर बाजरीच्या दाण्याएवढे पिवळे-तपकिरी ठिपके पडू लागले. धुलाईच्या मावशींनी आधी स्वयंपाक्याच्या हळदीच्या हातांवर संशय घेतला, त्यावरून दोघांचे बोलणे बंद झाले. मग साबण बदलला, मग दुसरा साबण आणला, मग पाण्यात लोह आहे म्हणून विहिरीचे पाणी तपासायला दिले. शेवटी एका पाहुण्याने गाडीच्या काचेवर तेच ठिपके दाखवून रंगाचे पैसे मागितले, तेव्हा मला बोलावण्यात आले. ती माश्यांची विष्ठा होती. निरोगी माशी पेटीच्या आत कधीही घाण करत नाही. बाहेर पडल्यावर पहिल्या काही मीटरांत मोकळी होते, आणि मावशींची दोरी बरोबर त्या रस्त्यावर होती.

यात लाजण्यासारखे काही नाही, याच ठिपक्यांनी महासत्तांनाही फसवले आहे. १९८१ साली अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी आग्नेय आशियात रासायनिक अस्त्रांचा 'पिवळा पाऊस' पाडला जात असल्याचा आरोप सोव्हिएत संघावर केला होता. हार्वर्डचे मॅथ्यू मेसेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा त्यांत परागकणच परागकण निघाले. पुढे थायलंडच्या जंगलात आग्या माश्यांच्या सामूहिक विष्ठेचा वर्षाव मेसेलसन यांच्या स्वतःच्या अंगावरच झाला. मावशींना मी ही हकिकत सांगितली. त्या म्हणाल्या, "त्यांच्या चादरी कोणी धुतल्या?" आम्ही दोरी घरामागे नेली आणि पेटीसमोर पाच-सहा फूट अंतरावर जास्वंदीचे दाट कुंपण वाढू दिले. समोर आडोसा आला की माश्या दारातूनच उंच उडून जातात, मग खालून माणसे फिरली तरी त्यांची वाट अडत नाही.

पोहण्याचा तलाव असेल तर पाण्याची सोय पेट्या यायच्या आधी करा. उन्हाळ्यात पेटी थंड ठेवायला माश्यांना भरपूर पाणी लागते, आणि स्वच्छ पाण्यापेक्षा वास असलेले, किंचित खारट पाणी त्यांना लवकर सापडते आणि जास्त आवडते. क्लोरिनच्या वासाचा तलाव म्हणजे त्यांना चौपाटीवरची पाणपोईच. एकदा सवय लागली की मोडत नाही. पेटीजवळ सावलीत पसरट परळ, त्यात गोटे, पाण्यात चिमूटभर मीठ, आणि हे पहिल्या दिवसापासून. एक दिवसही परळ कोरडा पडता कामा नये.

मुंगळे चढू नयेत म्हणून घोडीच्या, म्हणजे पेटीखालच्या तिवईच्या, चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात, हे आपल्याला कोणीही सांगेल. त्या वाट्यांत शोभा म्हणून पाने-फुले टाकू नयेत, हे कोणी सांगणार नाही. आमच्या माळ्याने टाकली होती, आणि मुंगळे पुलावरून चालत गेल्यासारखे वर गेले.

पावसाळ्याचा विषय जरा लांबवतो. मुंबईत जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, माश्यांना दिवसचे दिवस बाहेर पडता येत नाही, आणि वसाहत उपाशी मरते किंवा पळून जाते. म्हणून साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पातळ पाक संध्याकाळी पेटीच्या आत ठेवावा लागतो. मी हे काम स्वयंपाक्यावर सोपवले. तो हाडाचा आचारी होता. नुसता साखरेचा पाक हाताखालून जाऊ देणे त्याच्या स्वभावात नव्हते, त्यामुळे त्याने त्यात वेलची घातली, थोडे केशर घातले आणि कोमट असतानाच, भर दुपारी उघडीप पाहून, पसरट ताटात पेटीसमोर मांडला. तासाभरात दोन्ही पेट्यांच्या माश्या, कुठल्या तरी झाडाच्या ढोलीतल्या तिसऱ्याच वसाहतीच्या माश्या, गांधीलमाश्या आणि मुंगळे असे सगळे पंगतीला बसले. मग पाक संपल्यावर सशक्त पेटीने अशक्त पेटीवर दरोडा घातला. उघड्यावरचा, वासाचा, दिवसाढवळ्या दिलेला पाक हे लुटालुटीचे आमंत्रण असते. एकदा माश्यांना लुटीची चटक लागली की दोन-तीन दिवस दार माशीपुरते अरुंद ठेवण्यावाचून उपाय नसतो. आचाऱ्याला या सगळ्यात एकच गोष्ट दिसली: ताट चाटूनपुसून साफ झाले होते.

आता पळून जाण्याविषयी. ऊन असलेल्या दुपारी, साधारण एक ते तीनच्या दरम्यान, नव्या माश्या पेटीसमोर तोंड पेटीकडे करून वर-खाली तरंगतात आणि घराच्या खुणा पाठ करतात. याला आम्ही माश्या 'खेळतात' असे म्हणतो. नवख्या माणसाला ते भयंकर दिसते. पहिल्या वर्षी मला व्यवस्थापकाचे "साहेब, पळाल्या!" असे पाच फोन आले, आणि पाचही वेळा मी लोकल, रिक्षा आणि बोट करून गेलो तेव्हा पेटी शांत होती. सहाव्या फोनला मी लोकलमध्ये अंधेरीला उभ्याउभ्या सांगितले, "खेळतायत, वीस मिनिटांत बसतील." त्या वेळी त्या खरोखरच गेल्या होत्या. लांडगा आला रे आला, फक्त मूर्ख ठरला तो फोन घेणारा. फरक ओळखायला सोपा आहे: खेळ अर्ध्या तासात आवरतो आणि थवा दारापासून लांब जात नाही, पळणाऱ्या माश्या मात्र दारातून पाण्याच्या लोंढ्यासारख्या बाहेर पडतात, आणि मागे पोळ्याच्या चौकटींत ना पिलावा (अंडी-अळ्या) उरतो ना मध.

त्या कुठे गेल्या ते तिसऱ्या दिवशी कळले. स्वागतकक्षाच्या दारात शोभेसाठी जुना मातीचा रांजण आडवा ठेवला होता, त्यात. मोजमाप काढून केलेली सागवानी पेटी टाकून त्यांनी फुकटातला रांजण पसंत केला. अंधार, अरुंद तोंड, जाड थंड भिंती. सातेरी जंगलात ढोलीत राहते, तिला आणखी काय हवे असणार? येणारा प्रत्येक पाहुणा त्या रांजणाला टेकून फोटो काढत असे आणि तीन दिवस कोणाच्या लक्षात आले नाही, यावरून ही माशी स्वभावाने किती सोशिक आहे ते ध्यानात यावे. पळण्याचे कारण शोधले तर ते आमचेच होते, आणि ते मधाशी निगडित होते.

पाहुणेघराने 'दर शनिवारी मध काढण्याचा अनुभव' अशी पाटी लावली होती. सातेरीच्या एका पेटीतून वर्षाला पाच-सात किलो मध मिळाला तर वर्ष चांगले गेले म्हणायचे, आणि तोही फुलोऱ्याच्या हंगामात. शनिवारचा त्याच्याशी काही संबंध नाही. तरीही दर आठवड्याला वरच्या मधाच्या कोठीतली एखादी चौकट काढून पिळली जाई, आणि एका आठवड्यात खालच्या पिलाव्याच्या कोठीतलीही काढली गेली. घर सारखे फोडले जात असेल तर कोण राहील? शिवाय तो मध कच्चा होता. माश्या फुलांचा रस पंखांनी वारा घालून आटवतात आणि तयार झाला की घरांवर मेणाची टोपणे बसवतात. चौकटीचा तीन चतुर्थांश भाग टोपणबंद होईपर्यंत हात लावू नये. प्रमाणकानुसार मधात पाणी वीस टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, आणि आमच्या दमट किनाऱ्यावर कच्चा मध हवेतले पाणी आणखी ओढून घेतो. एका शनिवारच्या बाटल्या अशा रीतीने दादरच्या एका पाहुण्याच्या घरी गेल्या, त्याच्या आईने त्या जपून देव्हाऱ्याखालच्या कपाटात ठेवल्या, आणि पंधरा-वीस दिवसांनी पहाटे एका बाटलीचे बूच ठप्पकन उडाले. मध आंबला होता. त्या बाईंनी आधी शेजाऱ्यांना उठवले आणि मग मला फोन करून अत्यंत सभ्य भाषेत विचारले की, मी त्यांच्या मुलाला नेमके काय विकले आहे.

उलट तक्रारही येते: थंडीत मध रवाळ झाला की पाहुणा साखर घातल्याचा आरोप करतो. बाटली कोमट पाण्यात ठेवायला सांगावी. वाद घालण्यात वेळ घालवू नये. आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात चाटवू नये, हे मात्र बाटलीवरच छापावे, कारण आपल्याकडे तो चाटवण्याची हौस फार.

माझी स्वतःची सर्वांत मोठी फजिती शाळेच्या मुलांसमोर झाली. शांतपणे उभे राहिले तर माशी काही करत नाही, हे मी जाळीचा टोप घालून समजावत होतो, आणि नेमकी एक माशी टोपाच्या आत होती. ती गालावरून नाकावर आली. मी वाक्य पूर्ण केले. ती नाकपुडीच्या कडेने चालू लागली. मी दुसरे वाक्य अर्धे केले आणि उरलेले अर्धे कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन पूर्ण केले. त्यातून मुलांच्या लक्षात काय राहिले, हे सांगायला नको. त्या सकाळी मी न्याहारीला चार वेलची केळी खाल्ली होती, हेही नमूद करतो. माशी डंख मारते तेव्हा इतरांना बोलावणारा जो गंध सुटतो, त्यातला मुख्य घटक आणि पिकल्या केळ्याच्या वासातला मुख्य घटक एकच आहे. एका केळ्याने वसाहत पेटून उठते असे नाही, पण पेटी उघडायच्या दिवशी मी आता पोहे खातो.

हसण्याच्या बाहेरची बाजू थोडक्यात सांगतो. डंख लागला तर नांगी चिमटीत न धरता नखाने लगेच खरवडून काढावी. अंगभर गांधी उठणे, धाप लागणे, चक्कर येणे यांपैकी काही दिसले तर घरगुती उपाय करत बसू नये, १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे. गोराईहून खाडी ओलांडायला किती वेळ लागतो हे आपण जाणताच, म्हणून गाडी आणि चालक आधीच ठरवून ठेवा. पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ बसले तर ते सातेरीचे मोठे भावंड समजून हाताळू नका. तिथे जाणकारच हवा.

दोनच पेट्या घ्या, एकटी पेटी नको आणि चारही नकोत. एकीची राणी मेली तर दुसरीतली ताज्या अंड्यांची चौकट देता येते आणि माश्या त्यांतून नवी राणी तयार करतात. एकच पेटी असेल तर हात चोळत बसावे लागते. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून हेच शिकवते आहे, तिथे आधी शिकून या, आणि व्यवस्थापकाला व आचाऱ्याला बरोबर न्या. आपल्यापेक्षा त्यांनाच त्याची गरज जास्त आहे. पेट्या पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस आणाव्यात. आणायचा दिवस ठरला की कळवा, मी येईन. मात्र बोटीने नको, रात्री भाईंदर-उत्तनच्या रस्त्याने येऊ. आंब्यांविषयी पुन्हा खोटे बोलण्याची माझी तयारी नाही.